छत्तिसाव्या वर्षीही गोधडीशिवाय झोप नाही : सवय की व्यसन?

गोधडीवाली
माझ्याकडे आजीच्या दोन नऊवारींची गोधडी आहे, आत आजोबांच्या धोतरांचे थर. पांढरा दोरा संपला म्हणून एका कोपऱ्यात आजीने हिरव्या दोऱ्याने टाके घातलेत. तो कोपरा दोन बोटांत चोळल्याशिवाय मला झोप लागत नाही. पुण्यात, मे महिन्यातसुद्धा. मागे ऑफिसच्या कामाला तीन दिवस बंगळुरूला गेले, तर गोधडीची बॅग कपड्यांच्या बॅगेपेक्षा मोठी! नवरा म्हणतो, हे व्यसनच, फक्त वास येत नाही. (येतो हो वास. तेच तर सुख आहे.) तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टवक्ता_ठाणे
मी नवऱ्याच्या बाजूने. गोधडी असताना काय होतं ते सोडा, नसताना काय होतं ते सांगा.

गोधडीवाली
एकदा सांगलीला लग्नघरी गेले तेव्हा विसरले होते. पहाटे चारपर्यंत टक्क जागी. ओढणीचा कोपरा चोळून पाहिला, नाही जमलं.

स्पष्टवक्ता_ठाणे
मग झालं की! मी सिगरेट सोडली तेव्हा पहिला आठवडा अगदी असाच गेला होता.

निवांत
सिगरेट कुठे, गोधडी कुठे! निकोटीन शरीरात जातं. हिला वर्षागणिक एकाच्या दोन गोधड्या लागायला लागल्यात का? विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. आईपासून हळूहळू सुटं होताना मूल चादरीचा तुकडा, बाहुली असं काही धरून ठेवतं, हे त्यांनी १९५३च्या लेखात मांडलं आणि ते निरोगी वाढीचाच भाग मानलं. हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माकडाच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची, एक कापडाची. तीसुद्धा दूध देणाऱ्या तारेच्या आईला सोडून कापडाच्या आईलाच बिलगायची. ऊब ही गरज आहे, चोचला नव्हे.

स्पष्टवक्ता_ठाणे
अर्धीच गोष्ट सांगितलीत. ती पिल्लं खऱ्या आईपासून तोडलेली होती, आणि कापडाच्या आईजवळ वाढूनही पुढे इतर माकडांत नीट मिसळू शकली नाहीत. विनिकॉटही म्हणतात की ती वस्तू कालांतराने आपोआप मागे पडते. इथे छत्तीस वर्षं झाली. अजून किती काल आणि किती अंतर?

दमेकरी
मन राहू द्या, धूळ बघा. गोधडी शेवटची कधी धुतली? जुन्या जाड कापडात धुळीतले बारीक किडे असतात. उन्हात टाकून मेले तरी त्यांची विष्ठा आतच राहते, आणि ऍलर्जी मुख्यतः तिचीच. धुवायची तर ६० अंशाच्या पाण्यात. आमच्या घरी दोन गोधड्या याच पायी गेल्या.

गोधडीवाली
दिवाळीआधी एकदा धुते. पण ६० अंशात आजीचं लुगडं टिकेल का? विरलंय हो फार.

वाकळ_लातूर
आमच्याकडे हिला वाकळ म्हणतात. घरात डझनभर, कोणाला कसलं वेड नाही. पण एक सांगते. माझी आजी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून मिश्री करायची आणि सकाळ-संध्याकाळ लावायची. "दातांना बरं वाटतं, जिवाला बरं वाटतं." तीही मायेचीच गोष्ट, अंगणात चार बायका मिळून. पुढे गालाच्या आत पांढरा चट्टा आला, डॉक्टरांनी कॅन्सरकडे जाऊ शकतो म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे सुटली. म्हणजे बरं वाटतं हा पुरावा नाही. पण ताई, तुमच्या गोधडीने गालात चट्टा येत नाही. रात्री झोप, दिवसा नोकरी, संसार सगळं चाललंय. मला तरी नवऱ्याचंच जास्त वाटतंय. उकडत असेल बिचाऱ्याला.

निवांत
हे पटलं. आणि गोधडी सोडायची कशाला? हिरव्या टाक्यांचा कोपरा वीतभर कापून उशीच्या खोळीला शिवा. बॅग हलकी, धुवायला सोपा, नवराही खूश.

गोधडीवाली
काल कात्री घेऊन बसले होते. जेवण झाल्यापासून साडेदहापर्यंत. नवरा म्हणाला, दे मी कापतो, तर त्याच्या अंगावर ओरडले. कात्री परत ड्रॉवरमध्ये.

स्पष्टवक्ता_ठाणे
बघा! अजून काय पुरावा पाहिजे?

वाकळ_लातूर
अहो, लुगड्याला कात्री लावायची आहे तिला. तुम्ही लावाल आईच्या लुगड्याला?

स्पष्टवक्ता_ठाणे
नाही. पण मी ते कपाटात ठेवलंय, बंगळुरूला नेत नाही.