शाळेच्या संघातल्या खेळाडूंसाठी नियमपत्रक लिहायचं आहे. काय असावं, काय नसावं?

शिट्टी:
१४ ते १८ वयाच्या मुलामुलींच्या शालेय संघांसाठी नियमपत्रक तयार करायचं आहे. खेळ चार: फुटबॉल, बास्केटबॉल, ॲथलेटिक्स आणि कुस्ती. जुना मसुदा चार ओळींचा आहे. वेळेवर या, शिस्त पाळा, शाळेचं नाव राखा, गणवेश स्वच्छ ठेवा. वाद उभा राहिला की या चार ओळींचा काहीच उपयोग होत नाही.

अडतं ते इथे: सराव बुडवला तर सामन्यातून वगळायचं का, आणि कितव्यांदा? मार्क कमी पडले तर संघातून काढायचं का? दुखापत कुणाला सांगायची आणि परत मैदानात कुणाच्या शब्दावर उतरायचं? औषधांबद्दल काही लिहावं लागतं का? दोन पानांच्या वर गेलं तर कुणी वाचणार नाही, हेही डोक्यात आहे.

धावपट्टी:
"वेळेवर या" ही अपेक्षा झाली, नियम नाही. नियमात तीन गोष्टी लागतात: काय करायचं, कुणाला कळवायचं, नाही केलं तर काय होईल. म्हणजे असं: "सराव ४ वाजता सुरू होतो. ३:५० ला बूट बांधून मैदानावर हजर. येता येणार नसेल तर त्याच दिवशी दुपारी १२ च्या आत प्रशिक्षकांना स्वतः कळवायचं. मित्राकरवी पाठवलेला निरोप धरला जाणार नाही."

गैरहजेरीचे दोन प्रकार वेगळे लिहा. आजारपण, परीक्षा, घरची अडचण आणि वेळेत कळवलेलं असेल तर शिक्षा नाही. न कळवता बुडवलं तर पहिल्यांदा समज, त्याच हंगामात दुसऱ्यांदा झालं तर पुढच्या सामन्यात सुरुवातीच्या संघात नाही, तिसऱ्यांदा एक सामना पूर्ण बाहेर आणि पालकांशी बोलणं. हे हंगाम सुरू होण्याआधी ठरायला हवं आणि पहिल्या अकरातल्याला जे लागू, तेच राखीव बाकावरच्यालाही. मुख्य गोलकीपर किंवा स्ट्रायकरसाठी एकदा जरी नियम वाकवला, तर उरलेल्या हंगामात ते पत्रक कुणी मानत नाही.

एक बारीक मुद्दा. रीतसर रजा घेतलेला खेळाडूसुद्धा कधीकधी सुरुवातीच्या संघात नसतो, कारण कॉर्नर आणि फ्री किकची आखणी त्याच्या गैरहजेरीत बसवलेली असते. ती शिक्षा नव्हे. पण हे आधी लिहून ठेवलं नाही, तर पालकांना ती शिक्षाच वाटते.

आणि शिक्षा म्हणून फेऱ्या, उठाबशा अजिबात नकोत. दमलेल्या, तापलेल्या मुलाला आणखी पळवणं धोक्याचं असतं, आणि पळणं म्हणजे शिक्षा हे मुलांच्या मनात पक्कं होतं ते वेगळंच.

मार्कांसाठी सत्र संपायची वाट पाहू नका. दर तीन आठवड्यांनी विषयशिक्षकांकडून एका कागदावर स्थिती घ्या. मागे पडलेला असेल तर सामने बंद, सराव चालू, आणि दर आठवड्याला त्याच कागदावर सही.

खडूफळा:
मार्कांच्या बाबतीत थोडं वेगळं मत आहे. सराव पूर्ण चालू ठेवला तर अभ्यासाला वेळ येणार कुठून? सरावाचे दिवस पाचावरून तीन करा आणि मोकळे झालेले दोन दिवस त्याच वेळात अभ्यासाला बसवा. सराव पूर्ण तोडू नका, एवढं मात्र पटतं. शाळेशी बांधून ठेवणारा काही मुलांचा तो एकच धागा असतो.

शाळेतल्या हजेरीचीही एक ओळ घाला: सामन्याच्या दिवशी निदान अर्धा दिवस वर्गात हजर असल्याशिवाय खेळता येणार नाही. प्रवासामुळे तास बुडणार असतील तर गृहपाठ आधी विचारून घेणं ही खेळाडूची जबाबदारी, शिक्षकांची नाही.

क्रेपबँडेज:
दोन पानांतलं एक पान दुखापतीला द्या. बाकीचे नियम चुकले तर सामना जातो, इथे चुकलं तर मूल जातं.

सगळ्यात आधी कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूला बसलेला हादरा. धक्का डोक्यालाच बसायला हवा असं नाही, अंगाला जोरात हिसका बसूनही होतो. शुद्ध हरपायलाच हवी असंही नाही. बहुतेक वेळा ती हरपतच नाही. धडकेनंतर गोलकीपर उठतो, "मी ठीक आहे" म्हणतो, हातमोजे सारखे करतो आणि पुढच्या कॉर्नरला भलत्याच खांबापाशी जाऊन उभा राहतो. हे आधी दिसतं ते शेजारच्या बचावपटूला, प्रशिक्षकाला नाही. म्हणून नियम सगळ्या संघासाठी लिहा: सोबत्याचं वागणं वेगळं वाटलं तर लगेच पंचांना किंवा प्रशिक्षकांना सांगायचं.

डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, धूसर दिसणं, उजेड नकोसा होणं, गोंधळणं, यातलं एकही लक्षण दिसलं की त्या दिवसापुरता खेळ संपला. "दहा मिनिटं बसून बघू" नको. वारंवार उलटी, झटके, वाढत जाणारी डोकेदुखी, मानेत दुखणं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर थेट रुग्णालय.

परतीच्या पायऱ्याही पत्रकात छापा. पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती. त्यात घरात चालणं-फिरणं चालतं, मोबाइल कमी. अंधाऱ्या खोलीत दिवसच्या दिवस पडून राहायचा सल्ला आता दिला जात नाही. त्यानंतर हलकं चालणं किंवा स्थिर सायकल, मग वेग थोडा वाढवून, मग एकट्याने खेळातल्या हालचाली, मग धक्का न लागणारा सांघिक सराव, मग डॉक्टरांची लेखी परवानगी आल्यावरच पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. सांघिक सरावाच्या पायरीवर येण्याआधी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत, आणि सामन्याआधी शाळेचा पूर्ण दिवस त्रासाविना पार पडायला हवा. लक्षणं पुन्हा आली तर एक पायरी मागे. परवानगी डॉक्टरांची. पालक, प्रशिक्षक किंवा कर्णधार यांच्या शब्दावर परत यायचं नाही.

दुसरं, ऊन. हंगामाच्या सुरुवातीला उष्ण हवेत शरीर रुळायला साधारण १४ दिवस लागतात, त्यातल्या पहिल्या पाच दिवसांत दिवसातून एकच सराव. पाणी प्यायला परवानगी लागू नये. सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहायला सांगा: ६० किलोच्या खेळाडूचं वजन १.२ किलोपेक्षा जास्त उतरलं, म्हणजे २ टक्क्यांच्या वर, तर पाणी कमी पडतंय. वजन वाढलेलं दिसलं तर उलट पाणी जास्त होतंय, तेही घातक ठरू शकतं. उन्हात खेळणारा झोकांड्या देतो, असंबद्ध बोलतो, कोसळतो, तेव्हा रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला गार पाण्याच्या टबात मानेपर्यंत बुडवा, डोकं धरून. आधी गार करायचं, मग हलवायचं. टब आणि बर्फ कुठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक हवं.

खेळताना चक्कर येऊन पडणं हे नेहमी गंभीर धरा. थकव्याने पडला असेल असं समजून पुन्हा उतरवायचं नाही, हृदयाची तपासणी होईपर्यंत खेळ बंद. शॉक देणारं यंत्र, म्हणजे एईडी, मैदानापासून इतक्या जवळ हवं की कोसळल्यापासून ३ मिनिटांच्या आत वापरता येईल. कपाटाला कुलूप नको.

आठवड्याचे तासही लिहा. ढोबळ मर्यादा अशी की वयाच्या वर्षांपेक्षा जास्त तास नकोत. १५ वर्षांच्या मुलीला १५ तास, शाळा आणि क्लब मिळून. इथेच सगळं फसतं: दोन्हीकडचे प्रशिक्षक आपापले तास मोजतात, बेरीज कुणीच करत नाही. नडगीचं हाड दुखायला लागतं तेव्हा ती बेरीज कळते. बाहेर कुठे खेळतो ते सांगणं खेळाडूची जबाबदारी, विचारणं प्रशिक्षकाची.

कुस्तीसाठी: नखं कापलेली, टॉवेल आणि रेझर आपापले, अंगावर गजकर्ण, फोड किंवा वाहती जखम दिसली की दाखवल्याशिवाय मॅटवर नाही, रोज सरावानंतर मॅट जंतुनाशकाने पुसायची. वजनासाठी पाणी तोडणं, प्लास्टिकचे कपडे घालून घाम काढणं, लघवीच्या गोळ्या घेणं यावर सरळ बंदी.

औषधपेटी:
लघवीच्या गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर, त्या वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, प्रतिबंधित यादीत कायम आहेत. तुमचा संघ उत्तेजक चाचणी असलेल्या स्पर्धेत उतरत असेल तर खेळाडूंना एक तत्त्व नीट समजावा: अंगात काय सापडलं याला खेळाडू स्वतः जबाबदार. "डॉक्टरांनी दिलं होतं", "पुडीवर लिहिलं नव्हतं" एवढ्याने सुटका होत नाही.

सुधारित यादी दर वर्षी १ जानेवारीला लागू होते, त्यामुळे मागच्या वर्षीचा कागद वापरू नका. मुलांच्या बाबतीत नेहमी येणाऱ्या गोष्टी: सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापुढे बंद. दम्याचा साल्ब्युटामॉल इनहेलर चालतो, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमच्या आत, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या आत. मधुमेहाचं इन्सुलिन बंदी यादीत आहे, म्हणून त्यासाठी उपचारांची विशेष सवलत रीतसर अर्ज करून घ्यावी लागते. अर्ज राहिला म्हणून इन्सुलिन थांबवायचं मात्र कधीच नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य "मी स्पर्धा खेळतो" हे असायला हवं.

प्रोटीन पावडर आणि "एनर्जी" डबे संघातर्फे वाटू नका. त्यांत भेसळ असू शकते आणि डब्यावर ती लिहिलेली नसते. सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरणंही बंद ठेवा, कारण सांध्याने दिलेला इशारा त्यात दबतो. इनहेलर वर्गातल्या दप्तरात नको, मैदानाच्या कडेला प्रशिक्षकांच्या पिशवीत हवा.

शिट्टी:
खूप उपयोगी. एक गाठ अजून सुटत नाही. मुलं लक्षणं लपवतात, कारण संघातली जागा जाईल ही भीती. लपवल्याबद्दल शिक्षा ठेवावी का?

क्रेपबँडेज:
नको. शिक्षा ठेवली की उशिरा का होईना सांगणारा मुलगासुद्धा गप्प बसतो. त्याऐवजी संघाने काय द्यायचं ते लिहा: "दुखापत कळवलेला खेळाडू संघातच राहील, सरावाला येईल, आणि परवानगीनंतर जागेसाठी त्याचा विचार नव्याने होईल." जागा नक्की मिळेल असं आश्वासन देऊ नका, ते पाळता येणार नाही. बरा होईपर्यंत त्याला काम द्या, गुण लिहायला बसवा, समोरच्या संघाच्या चाली टिपायला सांगा. बाकावरून हाकललेला मुलगा पुढच्या वेळी सांगत नाही.

धावपट्टी:
सह्या तीन घ्या: खेळाडू, पालक, प्रशिक्षक. पत्रक घरी पाठवून सही मागवलीत तर ते न वाचताच परत येतं. हंगामाआधी अर्ध्या तासाची बैठक घ्या, दुखापतीचं पान मोठ्याने वाचा, मग तिथेच सह्या. गणवेश, प्रवास, समाजमाध्यमं यांना एकेक ओळ पुरे: घेतलेलं साहित्य मोजून परत, जाताना-येताना संघासोबत, पंचांबद्दल आणि समोरच्या संघाबद्दल काही टाकायचं नाही.

प्रत्येक खेळाडूचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि दोन मोठ्या माणसांचे फोन नंबर वेगळ्या कागदावर घेऊन प्लास्टिकच्या पाकिटात प्रथमोपचार पेटीत ठेवा. कार्यालयातल्या फाइलमध्ये ठेवलं तर रविवारच्या सामन्याला ते कुणाच्या हाताशी नसतं.