मदत हवी आहे: विद्यापीठाचं पुरातत्त्व म्युझियम आठवीतल्या मुलीला दाखवायचंय

नागपूरकरांनो, मागच्या रविवारी मुलीला काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं (प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं) दाखवली, दगडांवरचे वाटीसारखे कोरलेले खळगे तिनं एकेक बोट घालून मोजले आणि तेव्हापासून एकच धोशा, आत पुरलेल्या वस्तू कुठे बघायला मिळतात? अजब बंगला, म्हणजे इथलं मध्यवर्ती संग्रहालय, आमचं बघून झालंय (सोमवारी बंद असतं तेही माहितीय), त्यामुळे ते नका सुचवू. आता तिला माहुरझरीचे (नागपूरजवळचं अशाच शिळावर्तुळांचं ठिकाण) मणी आणि घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने खरेखुरे बघायचेत. तिथलं उत्खनन नागपूर विद्यापीठानं केलंय म्हणून विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाच्या म्युझियमबद्दल विचारतोय. नेटवर शोधलं, वेळ कुठं धड सापडत नाही, फोन लावला तर नंबरच बंद.

सोबत आई येणार, तिचे गुडघे दुखतात, एक मजला हळूहळू चढेल पण जास्त नाही. मला सुट्टी फक्त शनिवारी, आणि आमच्यापैकी कोणी तिथलं विद्यार्थी नाही.

अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगा ना, बाहेरच्या माणसाला शनिवारी आत सोडतात का, की आधी विभागप्रमुखांना अर्ज द्यावा लागतो? आणि माहुरझरीच्या वस्तू तिथे मांडलेल्या आहेत का?