मदत हवी आहे: ६.५ क्रीडमोर घेऊ की ७ पीआरसी? सेल रविवारी संपतोय

रांगडा_गडी
मंडळी, थोडक्यात विचारतो. पहिलीच रायफल घ्यायची आहे. हरणाची शिकार आणि लांब पल्ल्याची नेमबाजी, दोन्ही एकाच बंदुकीत बसलं पाहिजे, दोन घ्यायला बायको देणार नाही. ६.५ क्रीडमोर आणि ७ मिमी पीआरसी या दोन काडतुसांत अडकलोय. दुकानातला म्हणतो क्रीडमोर आता जुनं झालं, पुढची दहा वर्षं पीआरसीची. यूट्यूबवर तिसरंच, काडतुसांच्या पितळी पुंगळ्या (बाहेरची आवरणं) जाणार, पोलादी येणार म्हणे. एवढे पैसे घातले आणि पाच वर्षांनी काडतुसंच मिळेनाशी झाली तर? पुढे टिकणारं काय ते सांगा. 'गूगल कर' म्हणू नका, केलंय.

टेक्सासचा_तात्या
पीआरसी. डोळे मिटून. १७५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला ३००० फुटांनी जाते, आणखी काय हवं? क्रीडमोर म्हणजे पोरांचं खेळणं.

माळरान
किती यार्डांवर मारणार? हरीण कुठलं? खांद्याला सवय आहे का? राज्य कुठलं? रेंज किती लांबीची? यातलं काहीच लिहिलं नाहीस आणि उत्तर रविवारच्या आत हवंय.

रांगडा_गडी
हरीण म्हणजे हरीण हो, व्हाइटटेल. रेंज १०० यार्डांची आहे पण मला हजार यार्ड करायचेत कधीतरी. मित्राची .३०८ चार-पाच वेळा मारली आहे, खांदा शाबूत आहे.

माळरान
@तात्या, व्हाइटटेलला १५० यार्डांवर पीआरसी म्हणजे डास मारायला पाटा-वरवंटा. शिवाय १०० यार्डांच्या रेंजवर सराव करणाऱ्या नवख्याला तो धक्का द्यायचा, म्हणजे तिसऱ्या बारापासून गडी घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटणार. तुम्ही सांगितलंच आहे म्हणा, डोळे मिटून.

टेक्सासचा_तात्या
नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावा की राव, धक्का कमी होतो.

माळरान
आणि त्याच्या आवाजाने शेजारच्या बाकावरच्याचे कान?

जुनी_पुंगळी
गड्याचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. काय टिकेल, हे विचारलंय त्याने. मी २००५ मध्ये .२४३ डब्ल्यूएसएसएम घेतली होती. २००३ सालचं काडतूस, तेव्हा मासिकांची पानंच्या पानं त्याच्यावर. आखूड, ढबोळं, पेढ्याच्या बुडावर लवंग खोचावी तसं दिसायचं. मॅगझिनमधून चढताना अडखळायचं, म्हणून दर वेळी बोल्ट जरा जोरात ढकलायचा. आज माझ्याकडे ३७ उरलीत. चकलीच्या जुन्या डब्यात ठेवलीत, एक उडवलं की डब्याच्या झाकणावर पेन्सिलने एक रेघ. बंदूक उत्तम आहे, पण आता ती ३७ बारांची बंदूक आहे.

उलट .३०-०६ हे १९०६ चं, .२७० विंचेस्टर १९२५ चं, .३०८ १९५२ चं. ज्या गावात दूध आणि पेट्रोल एकाच दुकानात मिळतं तिथेही ही मिळतात. नवं काडतूस टिकायचं तर चार-पाच कंपन्यांनी त्याच्या रायफली काढाव्या लागतात आणि दोन-तीन कंपन्यांनी काडतुसं. एकाच कंपनीचं लाडकं लेकरू असेल तर सावध. क्रीडमोरने ही परीक्षा केव्हाच पास केली. गंमत म्हणजे ते ज्या .३० टीसीच्या पुंगळीवरून काढलं, ती आज कुणाला आठवतही नाही. आई गेली, लेकरू गावभर.

बव्हेरियाचा_बाळ्या
तुम्हा अमेरिकावाल्यांना ६.५ चा शोध २००७ मध्ये लागला. स्वीडिश ६.५×५५ हे १८९४ पासून तेच करतंय. इकडे आम्ही शिकारीची परीक्षा देतो, महिनोन्महिने अभ्यास करतो, मग बंदुकीला हात लावतो. सेल बघून नाही.

फॉस्फरब्राँझ
बाळ्या, स्वीडिशची पुंगळी लांब, त्यामुळे काडतूस चढवायच्या आखूड यंत्रणेत, म्हणजे आखूड अ‍ॅक्शनमध्ये बसत नाही. आणि शंभर वर्षांपूर्वीच्या बंदुकाही वापरात असल्याने अमेरिकन कंपन्या त्यात दाब बेताचा ठेवतात. ६.५ मिमीच्याच गोळीचं .२६० रेमिंग्टन इथे १९९७ मध्ये आलं होतं, तेही मागे पडलं. क्रीडमोरने वेगळं केलं ते एवढंच: पुंगळी थोडी आखूड ठेवली, म्हणजे लांब निमुळती गोळी लावूनही काडतूस मॅगझिनमध्ये मावतं, आणि नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) पहिल्या दिवसापासून घट्ट ठेवले, ८ इंचांत एक फेरा. लांब गोळीला जास्त फिरकी लागते, नाहीतर ती डगमगते. जुन्या .२७० ला १० इंचांत एक फेरा असतो, त्यात अशा लांब गोळ्या चालत नाहीत. म्हणून तर २०२१ मध्ये ६.८ वेस्टर्न काढावं लागलं, गोळीची जाडी तीच, फक्त आटे घट्ट आणि गोळी जड. सध्याचा कल हाच आहे. २२ क्रीडमोर, २५ क्रीडमोर, ६ मिमी एआरसी, सगळीकडे जुन्या जाडीला नवे आटे.

पोलादाचं म्हणशील तर ते खोटं नाही. पितळी काडतुसांचा कमाल दाब साधारण ६०–६५ हजार पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड). .२७७ फ्यूरी ८० हजारांवर चालतं, कारण त्याच्या पुंगळीचा बूड पोलादी आहे. २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेल्या नव्या रायफलीचं काडतूस तेच. २०२५ मध्ये फेडरलने ७ मिमी बॅककंट्री आणलं, पुंगळी पोलादी, दाब तेवढाच. खटाटोप कशासाठी? सायलेन्सर लावला की बंदूक सहा-आठ इंच लांब होते, म्हणून लोकांना नळी आखूड हवी. नळी आखूड झाली की वेग पडतो, तो दाब वाढवून परत मिळवायचा. आणि सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, म्हणजे हे प्रकरण वाढणारच. पण पहिल्या रायफलीसाठी नाही. जुनी_पुंगळी म्हणतात तो चकलीचा डबा आठव.

सॅन_होजेची_सई
तांब्याच्या गोळ्यांचं कुणीच बोलत नाहीये! कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं पूर्ण बंद आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणजे परत घट्ट आटे आलेच. सगळीकडे हेच होणार आहे. तांबंच घ्या.

रांगडा_गडी
सईताई, गोळी कुठल्या धातूची हे मी विचारलेलंच नाही. बंदूक ठरली की बघू.

शाकाहारी_संत
हरणाने तुमचं काय घोडं मारलंय?

टेक्सासचा_तात्या
माझ्या गाडीचं बॉनेट मारलंय, दोनदा.

पुणेरी_पगडी
अवांतर: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हा धागा इथे कितपत योग्य याचा संपादकांनी विचार करावा. नेमबाजीच करायची असेल तर .२२ घ्या. स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य .२२ वरच मिळवलं, ४५१.४ गुण. हजार यार्ड वगैरे अमेरिकन हौस आहे.

रांगडा_गडी
काका, मी कोल्हापूरचाच आहे, कुसाळे मला शिकवू नका. तेजस्विनी सावंतने २०१० ला म्युनिकमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं तेव्हा आमच्या गल्लीत साखर वाटली होती. पण मी कोलंबसमध्ये राहतो आणि मला हरीण मारायचंय. क्रीडमोर की पीआरसी, एका शब्दात सांगा की कुणीतरी!

माळरान
कोलंबस? ओहायोतलं?

रांगडा_गडी
हो. का?

माळरान
तासाभरापूर्वी 'राज्य कुठलं' विचारलं होतं तुला. दोन्हीपैकी एकही नाही.

एरीकाठचा
आता मी येतो. १४ वर्षं ओहायोत आहे. दादा, इथे हरणाला बाटलीसारखी मान असलेलं रायफलीचं काडतूस चालतच नाही. क्रीडमोर नाही, पीआरसी नाही, तुझ्या मित्राची .३०८ पण नाही. फक्त स्ट्रेटवॉल, म्हणजे सरळ भिंतीची पुंगळी, किमान .३५७ ते कमाल .५० इंच जाडीची. त्याआधी तर इथे मुख्यतः शॉटगनच होती. सपाट शेतजमीन, दर अर्ध्या मैलावर घर, म्हणून लांब जाणारी गोळी नको हा हिशेब. २०१४ पासून स्ट्रेटवॉल रायफलीला परवानगी मिळाली. नियमपुस्तिका दर वर्षी निघते, चालू वर्षाची स्वतः वाच, माझ्यावर विसंबू नकोस.

आणि तुला भविष्यच बघायचं असेल तर ते याच पुस्तिकांत आहे. मिशिगनचा दक्षिण भाग, आयोवा, इलिनॉय, एकेक राज्य स्ट्रेटवॉलला दार उघडत गेलं आणि कंपन्या मागोमाग धावल्या. २०१९ ला .३५० लेजंड, २०२३ ला .४०० लेजंड आणि .३६० बकहॅमर. तू .३५० लेजंड घे. १५० ग्रेनची गोळी, सेकंदाला २३२५ फूट, धक्का नावालाच. माझ्या १६ वर्षांच्या लेकीने त्यावर पहिलं हरीण घेतलं, ९० यार्डांवर.

टेक्सासचा_तात्या
लेजंड पिचकारी आहे. स्ट्रेटवॉलच हवं तर .४५० बुशमास्टर.

एरीकाठचा
बुशमास्टर माझ्याकडे आहे तात्या. हलक्या रायफलीतून बाकावर बसून वीस बार मारले की दुसऱ्या दिवशी पिशवीचा बंद उजव्या खांद्यावर घेता येत नाही. हिने विचारलं, कुणाशी भांडलास?

रांगडा_गडी
अरे देवा. दुकानातल्याने हे काहीच सांगितलं नाही! त्याला माहीत होतं मी हरणासाठी घेतोय.

जुनी_पुंगळी
क्रीडमोर विकणं बेकायदा नाही, रेंजवर खुशाल मारा. कोयोटीलाही (इथला कोल्ह्यासारखा प्राणी) चालतं. हरणाचं तुझं तू बघायचं, असा त्याचा हिशेब.

अमृता_डेट्रॉइट
मी दुसरंच विचारते. ग्रीन कार्ड आहे की एचवनबी?

रांगडा_गडी
एचवनबी. त्याचा काय संबंध?

अमृता_डेट्रॉइट
सगळा संबंध तिथेच आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि काडतूस, दोन्ही बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग दुकान. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हा प्रश्न थेट विचारलेला असतो. माझ्या नवऱ्याने रेंजवर भाड्याची बंदूक मागितली होती, तिथेही लायसन्स दाखवावं लागलं. मित्राची .३०८ मारलीस तेव्हा लायसन्स होतं?

रांगडा_गडी
...

माळरान
या टिंबांचं उत्तर इथे देऊ नकोस. वकिलाला विचार.

बव्हेरियाचा_बाळ्या
म्हणून म्हणतो, परीक्षा!

फॉस्फरब्राँझ
हजार यार्डांचं राहिलंच. ओहायोत एरी सरोवराकाठी कॅम्प पेरी आहे, तिथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरतात. लायसन्स हातात आल्यावर एकदा बघून ये, मग लांब पल्ल्याची बंदूक ठरव. तेव्हा मात्र क्रीडमोर. .३०८ ची १६८ ग्रेनची मॅच (स्पर्धेची) गोळी हजारापर्यंत जाताना आवाजाच्या वेगाखाली घसरायला लागते आणि भरकटते. क्रीडमोरची १४० ची त्यापुढेही टिकते.

रांगडा_गडी
ठीक. कोर्स ऑनलाइन नोंदवलाय. सेल गेला खड्ड्यात. लायसन्स आलं की .३५० लेजंड, बोल्ट अ‍ॅक्शन. क्रीडमोर पुढच्या दिवाळीला, तोवर दोन बंदुकांचं घरात पटवतो. सगळ्यांचे आभार, तात्यांचे पण. आता पटकन एक चांगली दुर्बीण सांगा, दुकानात तीसुद्धा सेलवर आहे.

माळरान
बजेट?