जादूलाही नियम असतात

फँटसीत लेखक काहीही घडवू शकतो, तर्काचं बंधन फक्त विज्ञानकथेला, हे मत मला अजिबात पटत नाही. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून बघा. १९६८च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या फँटसीत जादूगाराला एखाद्या गोष्टीचं खरं नाव ठाऊक असल्याशिवाय तिच्यावर ताबा मिळत नाही. तरुण जादूगार गेड, म्हणजे कादंबरीचा नायक, याने गर्वापायी म्हटलेल्या एका मंत्रातून सावली सुटते आणि तो उलटा तिच्या मागे लागेपर्यंत त्याचा पिच्छा पुरवते. यात मनमानी कुठे आहे? १९६९ची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' विज्ञानकथा खरी, पण त्यातलं तंत्रज्ञान मला फारसं आठवत नाही. आठवतात ती बर्फावरून स्लेज ओढणारी दोघं, रात्री एकाच तंबूत हळूहळू एकमेकांना उमगत जाणारी. (विज्ञानकथा रुक्ष वाटते म्हणणाऱ्यांना मी हीच वाचायला देते.)