व्हर्जिनियातून जाताना रडार डिटेक्टर काढावाच लागतो का?

जर्सीकर_७८:
मंडळी, पुढच्या शुक्रवारी एडिसनहून रॅलेला बहिणीकडे निघतोय, आय-९५ हायवेने. डिटेक्टर (पोलिसांचं स्पीड मोजणारं रडार जवळ असलं की वाजणारं यंत्र) काचेलाच चिकटवलेला असतो, दोन वर्षं झाली, न्यू जर्सीत कधी कोणी हटकलं नाही. आता मित्र म्हणतो व्हर्जिनियात चालत नाही, मी म्हटलं बंद करून ठेवतो की, तर म्हणे बंद असला तरी धरतात. खरंय का?

घाटमाथा:
खरंय. साध्या गाडीत पण बंदी असलेलं ते एकच राज्य, शिवाय वॉशिंग्टन डीसी. (मोठ्या ट्रकवाल्यांना तर देशभर बंदी.) नुसतं बटण बंद करून भागत नाही, वायर काढायची आणि गाडीतल्या कुणाचा हात पोचणार नाही असा ठेवायचा, तेवढी सूट कायद्यातच आहे. मी मेरीलँडमध्ये गॅस भरतानाच डिकीत टाकतो.

जर्सीकर_७८:
मिनीव्हॅन आहे हो, वेगळी डिकीच नाही 😅

घाटमाथा:
मग सगळ्यात खालच्या बॅगेत, लाडवांच्या डब्याखाली.

कडक_चहा:
अहो डिटेक्टरचं सोडा, स्पीड सांभाळा. तिकडे लिमिटच्या ताशी २० मैल वर किंवा कुठेही ८५ मैलांच्या वर गेलात की रेकलेस ड्रायव्हिंग, म्हणजे ७० च्या रस्त्यावर ८६ सुद्धा!! ते साधं तिकीट नाही, गुन्हा धरतात, २५०० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षापर्यंत जेल होऊ शकते. माझा रूममेट ९१ ला सापडला, वकील करावा लागला आणि एच-१बी वर्क व्हिसावाला असल्यामुळे पुढच्या व्हिसा स्टँपिंगपर्यंत जिवाला घोर. आणि तसंही ते यंत्र के बँडवर (पोलिसांच्या रडारची एक फ्रीक्वेन्सी) ओरडतं ते निम्म्या वेळा शेजारच्या गाडीच्या ब्लाइंड स्पॉट सेन्सरमुळे नाहीतर दुकानाच्या ऑटोमॅटिक दारामुळे. लेझर गनचा झोत तर इतका बारीक की डिटेक्टर वाजला म्हणजे तुमचं स्पीड मोजून झालेलं असतं, मग ब्रेक मारून काय उपयोग.

पुणेरी_पाहुणा:
विषयांतर करतो, भाऊ पुण्याला मागवतोय एक, एक्सप्रेसवेसाठी. नेऊ का?

कडक_चहा:
कशाला पैसे घालवताय. तिथे कॅमेरे दोन कमानींवर नंबरप्लेट वाचतात आणि मधल्या वेळावरून सरासरी स्पीड काढतात, त्यात डिटेक्टरला ऐकू येण्यासारखं असतंच काय, डोंबल?

जर्सीकर_७८:
डिटेक्टर घरीच ठेवतोय. लाडवांच्या डब्याला वायरी लागलेल्या बायकोला चालणार नाहीत.