ब्लॅक वॉचचा पायपर : लाल डगला नको

ब्लॅक वॉच या ब्रिटिश सैन्यातल्या स्कॉटिश हायलँड पलटणीच्या पायपरचा, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्याचा, 54 मिमीचा छोटा पुतळा रंगवताना तुम्ही लाल डगला द्यायचं म्हटलंय. थांबा! समारंभी पोशाखात लाल डगला शिपायांचा आणि ढोलवाल्यांचा असे. पायपरचा डगला गडद हिरवा. आणि किल्ट (चुण्यांचा, चौकड्यांचा घागऱ्यासारखा पोशाख) नेमका उलट: शिपायांचा काळपट निळा-हिरवा, तर पायपरचा लालभडक, रॉयल स्टुअर्ट नावाच्या चौकडीचा. इतर हायलँड पलटणींचे पायपर ग्लेनगॅरी ही होडीसारखी घडीची टोपी घालत, ब्लॅक वॉचचे मात्र शहामृगाच्या पिसांचा उंच काळा टोप, त्यावर लाल तुरा.

हिरव्यात निम्मा काळा मिसळा, नाहीतर पायपर पोपट दिसतो (माझा पहिला तसाच झालाय, कपाटात मागे उभा आहे). किल्टला आधी पूर्ण लाल हात द्या. मग पातळ केलेल्या गडद हिरव्या-निळ्याचे आडवे-उभे पट्टे. पिवळ्या-पांढऱ्या रेघा सगळ्यात शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने. चुण्यांच्या खाचांत रेघ तुटली तरी चालते, उलट कापड खरं वाटतं. बॅगपाइपची पिशवी डाव्या काखेत, हे चिकटवण्याआधी बघून घ्या.

लढाईतला हवा असेल तर गोष्टच वेगळी. 1897 च्या दर्गाईच्या (आताच्या पाकिस्तानातल्या) लढाईतला, गॉर्डन हायलँडर्स पलटणीचा पायपर फिंडलेटर करायचा तर वर खाकी डगला. माझ्या मते रंगवायला तोच जास्त मजेचा.