'अनप्रिव्हिलेज्ड बिल्ड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एका लेखात 'अधिकारहीन बांधणी' असं वाचलं, कानाला खटकलं. अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार न वापरता अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम कंपाईल करून तिची पॅकेजेस बनवायची, असा अर्थ हवा आहे.

– 'अधिकारहीन' नको. साध्या युजरला स्वतःच्या डिरेक्टरीत सगळे अधिकार असतातच. 'विनापरवाना' तर मुळीच नको, धाड पडेल! 'विनारूट' म्हणा; 'रूट' म्हणजे युनिक्स, लिनक्ससारख्या सिस्टिममधलं अॅडमिनिस्ट्रेटरचं खातं.

– रूट अडतो कुठे, ते आधी पाहू. कंपाईल करायला तो लागतच नाही. इन्स्टॉलच्या वेळी फाईलची मालकी रूटच्या नावे करायची असते, क्वचित डिव्हाइस नोड (डिस्कसारखं उपकरण दाखवणाऱ्या खास फाईली) बनवायचे असतात, आणि तिथे कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, साध्या युजरला हटकतो. पण पॅकेजमध्ये मालकाचं नाव नुसतं लिहिलेलं असतं, आणि लिहायला कोण अडवतंय? नेटबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमने हेच हेरलं. तिच्या 'बिल्ड डॉट एसएच' या बांधणीच्या स्क्रिप्टला 'यू' हा पर्याय दिला की इन्स्टॉल मालकी बदलत नाही, 'मेटालॉग' फाईलीत मालक, गट, परवानग्या टिपून ठेवतो. पुढे 'मेकएफएस' हा प्रोग्रॅम ती टिपणं वाचून डिस्क इमेज (अख्ख्या डिस्कचा मजकूर एका फाईलीत) रचतो. तुमच्या डिस्कवर फाईल तुमचीच, इमेजमध्ये मात्र रूटची. म्हणून मी 'मालकी देणे' आणि 'मालकी नोंदवणे' असे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवतो.

– मग रूट असल्याचं सोंग आणणाऱ्या 'फेकरूट' या साधनाला 'तोतया रूट'?

– झकास! प्रोग्रॅम आणि सी लायब्ररी (जिच्यामार्फत प्रोग्रॅम कर्नलशी बोलतो) यांच्या मध्ये बसून तो 'झाली हो मालकी बदलून' अशी थाप मारतो, आणि नंतर कुणी विचारलं तर तीच थाप कायम ठेवतो. स्टॅटिक लिंक केलेल्या, म्हणजे लायब्ररी पोटातच घेऊन आलेल्या, प्रोग्रॅमपुढे मात्र त्याची डाळ शिजत नाही. युजर नेमस्पेसमधल्या (युजरचे क्रमांक वेगळे मोजणाऱ्या, कर्नलने आखलेल्या कप्प्यातल्या) रूटला तोतया म्हणू नका. लिनक्स ३.८ (२०१३) पासून साध्या युजरलाही तो मिळतो, आणि खुद्द कर्नल त्याला आतल्यापुरता शून्य क्रमांक, म्हणजे रूटचा क्रमांक, देतो. तरी डिव्हाइस नोड त्यालाही बनवता येत नाहीत. 'आतला रूट' म्हणता येईल.

– डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेजच्या माहितीत 'रूल्स-रिक्वायर्स-रूट: नो' (बांधायला रूट लागत नाही) असलं की बहुतेक पॅकेजेसना तोतयाही लागत नाही. पॅकेज बनवणारा 'डीपीकेजी-डेब' स्वतःच मालक म्हणून रूट लिहितो.

प्रश्नकर्ता: 'विनारूट' पक्कं. पण 'बांधणी' की 'बिल्ड'?

– लेखात 'बांधणी' चालेल. बोलताना 'बिल्ड लावला'च म्हणतात सगळे.